‘गो’ म्हणायचं नाही

महिनाभर मी रोह्याहून पेणच्या त्या कॉम्प्युटरवाल्याकडे खेपा घालत होते. वडील गेल्यावर त्यांचा आवाज फक्त माझ्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये उरला होता. पहिल्याच दिवशी गणपती रंगवायच्या मऊ ब्रशाने त्या दुकानदाराने तिच्यावरची धूळ झटकली, डिस्क कानाशी धरली आणि तिलाच दटावलं, "ऊठ गो बाय, किती झोपशील?"

मग त्याने मला विचारलं, "काय गो, कॉपी नाय ठेवलीस?" माझ्याशी असं बोलायचं नाही, हे मी त्याला इंग्रजीत सुनावलं. तो रागावला नाही. तेव्हापासून मी ‘मॅडम’ झाले, आणि माझ्यासमोर तो डिस्कलाही ‘गो’ म्हणेनासा झाला.

काल फाइली मिळाल्या. तपासायला त्याने त्यातली एक लावली. दुकानभर वडिलांचा आवाज घुमला, "काय गो, जेवलीस का?"

त्याने चटकन आवाज बारीक केला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. "बघा मॅडम, सगळं हाय ना?"

‘मॅडम नको’ एवढंच मला म्हणायचं होतं. पण मान वर झाली नाही, आणि तोंडातून निघालं ते पुन्हा इंग्रजीच, "थँक यू."