चिमटा पूजेत होता

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बेळगावला मुलीकडे जायच्या आदल्या दिवशी सरांनी आपली समुद्राच्या पाण्याची टाकी रिकामी केली. मासे कुणाकुणाला देऊन टाकले, आणि प्रवाळाचा एक दगड थर्मोकोलच्या डब्यात घालून ते रिक्षाने माझ्या घरी आले. सरांनी मला शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आमच्यासारखेच ते म्हैसूरचे जुने मराठी, नजरबादमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात. घरात मीठ कालवून समुद्राचं पाणी करायचं आणि त्यात प्रवाळ वाढवायचं, हे वेड मला त्यांच्याकडूनच लागलं.

दगड ताटलीएवढा होता आणि त्यावर झोआ होते. झोआ हा मऊ प्रवाळाचा प्रकार. शर्टाच्या बटणाएवढी फुलं दाटीवाटीने उगवल्यासारखी दिसतात. सरांची मध्ये केशरी होती आणि कडेला हिरवी झालर. प्रत्येक फुलाच्या मधोमध तोंड असतं, म्हणून सर त्यांना फुलं म्हणत नसत, तोंडं म्हणत. सात तोंडांपासून सुरुवात करून अकरा वर्षांत त्यांनी तो दगड भरवला होता.

"अर्धं कापून दुसऱ्या कुणाला तरी देतो," ते म्हणाले. "सगळं एकाच टाकीत ठेवू नये. काय झालं बिलं तर एक तुकडा कुठेतरी राहिला पाहिजे, अल्ला?" सरांच्या बोलण्यात मध्येच कानडी येतं; अल्ला म्हणजे 'नाही का'.

आमच्या छंदात ही रीतच आहे. पण मला तो दगड अख्खा हवा होता. माझ्या टाकीत तो कुठे ठेवायचा, समोरच्या कोचावरून कसा दिसेल, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

"कशाला कापता, सर? मी आहे की."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "आयतु, ठीक आहे," म्हणाले. "मग एवढं कर. नवीन काहीही आत घालशील तर आधी डिप कर. भिंगाखाली बघितल्याशिवाय काही घालू नकोस."

"तेवढं कळतं मला, सर."

डिप म्हणजे नवा प्रवाळ आयोडीनच्या पाण्यात काही मिनिटं बुडवायचा, पिचकारीने धुवायचा, मग भिंग आणि चिमटा घेऊन वरून-खालून तपासायचा. अर्ध्या तासाचं काम. माझं लष्कर मोहल्ल्यात चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे भिंग आणि चिमटा या दोन्ही गोष्टींशी माझी जन्माची ओळख.

मग खंडेनवमी आली. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. त्यांची एक तलवार घरात आहे. गंजून म्यानात बसली आहे, बाहेर येत नाही. नवमीला ती पाटावर ठेवतात आणि तिच्या शेजारी ज्याच्या त्याच्या पोटापाण्याची हत्यारं. माझे स्क्रू-ड्रायव्हर, भिंग, चिमटा असं सगळं बायकोने मांडलं, हळदीकुंकू लावलं, झेंडूची फुलं ठेवली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ते दशमीला उचलायचं, हा आमच्याकडचा नेम.

दुपारी दुकानाच्या पूजेला गेलो, तेव्हा शेजारच्या माशांच्या दुकानवाल्याने पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक पिशवी हातात ठेवली. पिशवीत पाणी आणि पाण्यात निळसर झोआंचा एक लहानसा खडा.

"हब्बदा गिफ्टु, सर. बेडा अन्नबेडी," तो म्हणाला. सणाची भेट, नको म्हणू नका.

घरी येऊन पिशवी उघडली आणि हात पाटाकडे गेला. बायकोने ते पाहिलं.

"अहो, लागत असेल तर घ्या चिमटा. देव काय दंडुका घेऊन बसलाय? उद्या परत ठेवा."

हे वाक्य मी पुढे बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. "नको, नेम तो नेम," असं मी म्हणालो आणि खडा तसाच टाकीत सोडला. बादलीत एक दिवस ठेवता आला असता. पण बादलीत मीठपाणी करायचं, हीटर लावायचा, याचा मला कंटाळा आला होता, आणि कंटाळ्याला नेमाचं नाव दिलं की तो अंगाला लागत नाही. दुसऱ्या दिवशी काढून डिप करीन असंही म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी दशमी, पाहुणे आले होते, त्यांना संध्याकाळी बन्नीमंटपाला मशालींची कवायत दाखवायला न्यायचं होतं. चिमटा पाटावरून उचलून मी दुकानाच्या पेटीत ठेवला आणि खडा विसरलो.

दिवाळीच्या सुमारास सरांच्या दगडावरची डाव्या कडेची दहा-बारा तोंडं मिटली. झोआ अधूनमधून मिटतात, त्यात विशेष नसतं. मी पाण्याची क्षारता मोजली, ती ठीक होती. दिवा थोडा मंद केला. पाणी बदललं. मधली तोंडं मिटली. मी दिवा पुन्हा वाढवला. थंडी पडली म्हणून हीटर बदलला. रोज काहीतरी एक करायचो आणि उपाय चालू आहे असं वाटून घ्यायचो. दगड पाण्याबाहेर काढून भिंगाखाली धरायचा, एवढी एकच गोष्ट केली नाही. तसं पाहिलं असतं तर काय दिसेल याचा अंदाज मला तेव्हाच आला होता, असं आता वाटतं.

सरांचा दर रविवारी फोन यायचा. "माझी तोंडं काय म्हणतात?"

"मजेत आहेत, सर."

"फोटो पाठव बघू."

मी सप्टेंबरमधला एक जुना फोटो पाठवला. पुढच्या रविवारी त्याच दिवशी काढलेला दुसरा.

शेवटी एका सकाळी कडेची दोन तोंडं विरघळून नुसती राखाडी सालं उरलेली दिसली. तेव्हा मी हातमोजे घातले, डोळ्यांना गॉगल लावला, कारण झोआंचा चीक विषारी असतो, आणि दगड बायकोच्या पांढऱ्या एनॅमलच्या परातीत काढला. आयोडीनचं पाणी ओतून पिचकारी मारली. दोन-तीन तोंडं दगडापासून सुटून परातीत पडली. मला वाटलं, जोर जास्त झाला. मग ती तोंडं चालू लागली.

कवच नसलेल्या गोगलगाई होत्या त्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. आमच्या छंदातले लोक त्यांना न्युडी म्हणतात. ज्या झोआंवर ही कीड जगते त्यांचाच रंग तिच्या अंगात उतरतो. पाठीवर हिरवी झालर, तिच्या आत केशरी ठिपके. सरांच्या प्रवाळाचा रंग घेऊन त्या सरांच्याच प्रवाळावर महिनाभर बसल्या होत्या आणि मी कोचावरून त्यांच्याकडे बघत होतो. त्या दिवशी परातीत एकवीस मोजल्या. भेटीचा निळा खडा उलटा केला, तर त्याच्या खालच्या अंगाला पांढऱ्या अंड्यांची बारीक वेटोळी चिकटलेली होती. काही वेटोळी रिकामी होती.

बायको दारात उभी होती. "माझी परात गेली म्हणायची," ती म्हणाली.

यावर उपाय आहे आणि मला तो माहीत होता. डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी पुन्हा डिप करायचं, अंडी खरवडायची, असं निदान सहा आठवडे. आणि दगड भोकाभोकांचा असेल तर तोंडं कापून काढून नव्या स्वच्छ खड्यांवर लावायची आणि जुना दगड फेकून द्यायचा, कारण भोकातल्या अंड्यांपर्यंत चिमटा पोचत नाही. मी निळा खडा फेकला. डिप सुरू केलं. दगड मात्र कापला नाही. कापला असता तर तो सरांचा दगड राहिला नसता. ते परत आले की जसा दिला तसाच परत करायचा, असं मी मनात धरून बसलो होतो. थोडी तोंडं कमी दिसली तर म्हणता येईल की थंडीने आखडली. तेव्हा मी प्रवाळ वाचवत होतो की फोटो, हे मला आता सांगता येत नाही. दर डिपला किडे पडत राहिले. आधी नऊ, मग चार, मग पुन्हा अकरा.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सर परतले आणि दुसऱ्याच दिवशी काठी टेकत आमच्याकडे आले. बायकोने खुर्ची टाकीपुढे सरकवली. नवा गुडघा सरळ ठेवून ते बसले. दगडावर तेव्हा जेमतेम वीस तोंडं होती, त्यातली निम्मी मिटलेली.

सर काचेजवळ वाकले. मग म्हणाले, "यावाग? कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"काय? न्युडी?"

"हो."

"आलं कुठून?"

"दुकानवाल्याने एक खडा दिला होता, सर. खंडेनवमी होती. हिने भिंग, चिमटा सगळं पूजेत मांडलं होतं, म्हणून..."

बायको कॉफी घेऊन येत होती. ती थांबली. तिने सरांपुढे पेला ठेवला, माझा पेला माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. तिने तिथेच मला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "ती म्हणाली होती चिमटा घ्या. मीच घेतला नाही. कंटाळा केला. आणि ते फोटो जुने होते."

"माहीत आहे," सर म्हणाले. "पहिल्या फोटोत काचेवर एक गोगलगाय होती, शंखवाली, काच साफ करणारी, वरच्या कोपऱ्यात. दुसऱ्यातही तिथेच. सात दिवस एका जागी बसायला ती काय सरकारी नोकरीत आहे?"

"मग विचारलं का नाही, सर?"

"वाटलं, सांगेल. वर्गात पण असाच होतास तू. बेडूक फाडताना चुकलास की दुसऱ्याची वही पुढे करायचास. चष्मेवाला तू, आणि तुलाच दिसेना." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "दगड का कापला नाहीस?"

"तुम्हाला अख्खा द्यायचा होता."

"मला दगड काय करायचा होता रे? दगड नदीत पण मिळतो."

ते रागावले नाहीत. रागावतील या आशेवर मी होतो. त्याच दिवशी त्यांनी हातमोजे मागून घेतले आणि आम्ही दोघांनी मिळून तोंडं कापली. चौदा निघाली. सात खड्यांवर दोन दोन लावली आणि वेगळ्या लहान टाकीत ठेवली. त्यानंतर दर पाचव्या दिवशी सर रिक्षाने यायचे, मी डिप करायचो, ते भिंग धरायचे. तिसऱ्या खेपेनंतर किडा एकही पडला नाही. सहाव्या खेपेनंतर सर म्हणाले, कीड गेली.

पण तोंडं उघडली नाहीत. महिनोन्महिने खाल्लेली, मग आयोडीनमध्ये पुन्हा पुन्हा बुडवलेली, त्यांच्यात काही उरलं नव्हतं. एक एक करून ती राखाडी होत गेली. सरांनी म्हैसूर आणि बेंगळूरूच्या दोन-तीन जुन्या छंदी लोकांना फोन करून पाहिले, अकरा वर्षांत कुणाला दिलेला एखादा तुकडा कुठे उरलाय का म्हणून. एकाला दिला होता, त्याने टाकी कधीच मोडली होती. दुसरा तुकडा कुठे नव्हता. तो मीच होऊ दिला नव्हता.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, शेवटचं एक तोंड होतं. सणानंतर चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं तर खडा मोकळा होता. मी सरांना फोन केला.

"गेलं, सर."

"बरं," ते म्हणाले. "फोटो पाठव."

"कशाचा?"

"आहे त्याचा."

मी उघड्या खड्याचा फोटो काढून पाठवला. त्यांनी तो पाहिला, एवढंच मला फोनवर कळलं.

सरांनी नंतर टाकी पुन्हा भरली नाही. गुडघ्यामुळे पाण्याच्या बादल्या उचलवत नाहीत असं ते सगळ्यांना सांगतात. मी बादल्या आणून देतो म्हणून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाले, "इरली, राहू दे, बघू." त्यांची टाकी अजून हॉलमध्ये आहे, आत जुनी वर्तमानपत्रं ठेवली आहेत. काचेच्या आतल्या बाजूला, पाणी जिथवर असायचं तिथे, मिठाची एक पांढरी रेघ आहे. मी गेलो की ते मला तिच्यासमोरच्याच खुर्चीत बसवतात. दुसरी खुर्ची त्यांच्याकडे नाही.