महूमधलं जर्मनी आणि माझी थर्माकोलची विहीर

व्हिसा लागत नाही, बँकेचे कागद लागत नाहीत. इंदूरहून जर्मनीला चाळीस रुपयांत जाता येतं. मी मागच्या रविवारी जाऊन आले.

मी मूळची कोल्हापूरकडची, सहा वर्षं इंदुरात जर्मन शिकवते. त्या ओळखीतूनच इंदूरजवळच्या महू छावणीतल्या रेनाटे आजींचा फोन आला. आजी जन्माने जर्मन. लष्करातल्या मराठी डॉक्टरशी लग्न करून तरुणपणी इथे आल्या, आता एकट्याच राहतात.

"बेटा, पप्पांनी लढाईत काय केलं ते तिकडच्या सरकारी दप्तरात विचारलं होतं. जवाब आलाय. मला आता बारीक अक्षर वाचता येत नाही. तू वाचून दे ना, मी तुला माझे जुने पिक्चर दाखवते."

पत्राचं मी फारसं मनावर घेतलं नाही. मला पिक्चर हवे होते. युद्धानंतरच्या जर्मनीतले ते गुळमट डोंगरपट म्हणजे टर उडवायला आयतं गिऱ्हाईक.

सकाळी बसस्टँडवर कंडक्टर ओरडत होता, "आओ मैडम, पूरी बस खाली है!" आत शिरले तर एक पाय टेकायला जागा.

"भिया, खाली कहाँ है?"

"राऊ में हो जाएगी!"

वाटेत राऊला आणखी चौघे चढले. जाणाऱ्यांनी नऊच्या आत निघावं आणि पोहे इंदुरातच खाऊन घ्यावेत. आजींकडे बटाट्याचं अस्सल जर्मन सॅलड मिळतं, पण त्यावर मूठभर शेव असते. मला आवडलं.

दिवाणखान्यात टीव्ही, त्याखाली जुना व्हीसीआर आणि कॅसेटींची चळत. पिक्चर सुरू झाला. डोंगर, तळं, चर्चची घंटा. हिरव्या टोपीतला देखणा वनरक्षक, दोन वेण्यांची नायिका आणि हरणाचं पाडस. तिघांत अभिनय पाडसाचा बरा. गावातली एकही गाय शेण टाकत नाही. दर आठ मिनिटांनी कुणीतरी कुंपणाला टेकून गातं. मधेच एक खलाशी भर समुद्रावरून घरच्या आठवणीचं गाणं हुंदके देत गातो. त्याने बादलीपलीकडे पाणी पाहिलं असेल असं वाटत नाही. देशातली अर्धी शहरं विटांचे ढीग होऊन पडली असताना हे पिक्चर निघाले, आणि यात एक कौलसुद्धा हललेलं नाही.

मला हसू आवरेना. आमच्या मराठी मंडळाच्या 'माझं गाव' सजावटीपेक्षाही हे भारी होतं. त्या सजावटीत रहाटाची विहीर मी स्वतः थर्माकोलची केली होती. बाबांनी फोनवर वर्णन सांगितलं होतं, दगड न् दगड. लोकांनी तिच्यापाशी रांग लावून फोटो काढले.

"आजी, सगळं पुठ्ठ्याचं आहे हो हे!"

"मला मालूम आहे," आजी म्हणाल्या. "आमच्या टॉकीजला छप्पर नव्हतं, ताडपत्री बांधलेली. लोक आत येऊन रडायचे. अच्छं वाटायचं. पडद्यावर कुणी कुणाच्या बापाला पूछत नव्हतं ना, की तू तेव्हा कुठे होता."

"तुम्ही विचारलंत?"

"एकदा. जेवताना. मी बारा वर्षांची होते. पप्पांनी रेडिओचा आवाज वाढवला. हेच खलाशाचं समुद्राचं गाणं चालू होतं. मग मी कधी नाही पूछलं."

त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. तीन आठवडे ते फोडलेलं नव्हतं. शेजारी कुणालाही फोडायला सांगता आलं असतं.

पत्र दीड पानाचं होतं. नाव, जन्मगाव, पोलीस दलाचा क्रमांक. मग पूर्वेकडच्या एका खेड्याचं नाव आणि एक तारीख. मी वाचत होते तेवढ्यात पिक्चरमधला खलाशी पुन्हा गाऊ लागला. आजींचा हात रिमोटकडे गेला आणि आवाज वाढला. मी थांबले. आजींनी हातातल्या रिमोटकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग टीव्ही बंद केला.

"वाच बेटा. आता थांबू नको."

मी वाचलं. त्या तारखेला त्यांच्या वडिलांची तुकडी त्या खेड्यात होती. दुसऱ्या दिवशी खेड्यात कुणी जिवंत नव्हतं. आजी रडल्या नाहीत. त्यांनी गावाचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि तिसऱ्यांदा स्वतः म्हटलं. निघताना मला सॅलडचा डबा दिला. माझ्या मघाच्या हसण्याची मला फार लाज वाटली.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. मंडळाचे फोटो पुन्हा पाहिले. विहिरीभोवती नऊवारीतल्या आम्ही सगळ्या, डोक्यावर पितळी घागरी, दात काढून हसतोय. आमचे आजोबा गावचे पाटील. बाबांनी विहिरीचा रहाट सांगितला, पायऱ्या सांगितल्या, काठावरचा उंबरसुद्धा सांगितला. पाणी कोण भरायचं, ते मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन सॅलड फ्रिजमध्ये ठेवलं आणि बाबांना फोन लावला. ते बातम्या पाहत होते. प्रवास कसा झाला, जेवलीस का, सगळं विचारून झालं.

"बाबा, आपल्या विहिरीवर कुणाला येऊ देत नव्हते?"

तिकडे टीव्हीचा आवाज वाढला.

मी फोन ठेवला नाही.