तेरा दिवसांची सवलत

टाकी रिकामी होती आणि गेज फुल दाखवत होतं. दोन वाजता एक कुटुंब ही मोटरहोम न्यायला येणार होतं. अमोल गाडीखाली पाठीवर पडून काम करत होता. त्याचे फक्त बूट दिसत होते. मी आत गॅसचे जोड तपासत होतो.

इंग्लंडमध्ये वॉटफर्डजवळच्या एका यार्डात आम्ही भाड्याच्या मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या, तयार करून देतो. अशा गाडीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. सिंक आणि शॉवरचं पाणी जिच्यात जातं ती ग्रे टाकी, गाडीच्या पोटाखाली. टॉयलेटखाली असते ती कॅसेट, म्हणजे लहान सुटकेसएवढा डबा. बाहेरच्या बाजूने ओढून काढायचा, ठरलेल्या जागी ओतायचा, धुवायचा, औषध घालून परत बसवायचा. ग्रे टाकीतल्या सेन्सरवर तेलकट थर बसला की गेज खोटं बोलतं. अमोल तो थर काढत होता. गाडीच्या राहत्या भागातला गॅस, वीज आणि ओल तपासणं म्हणजे हॅबिटेशन चेक. ते मी करत होतो. आठ महिने हीच वाटणी होती.

पूर्वी नव्हती. ज्याच्याकडे गाडी, त्याच्याकडेच तिच्या टाक्या, असा यार्डाचा नियम. माझी बायको सुनंदा गेली, आणि दहनानंतर तिसऱ्या दिवशी मी कामावर आलो. घरात बसवत नव्हतं. अमोल म्हणाला, "काका, तुमच्यात तेरा दिवस पाळतात ना? तेवढे दिवस टाक्या मी करतो. तुम्ही आतलं बघा." तो नागपूरचा, बौद्ध. त्याच्या घरी सुतक पाळत नाहीत. तरी माझ्यासाठी त्याने विचारलं. सुतकात टाक्यांना हात लावू नये असा काही नियम नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

चौदाव्या दिवशी आमची मॅनेजर हेलन रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्यांचा तक्ता, लावत होती. तिने विचारलं, "आता पूर्वीसारखं करायचं?" मी म्हणालो, आमच्या धर्मात वर्षभर पाळतात. तिने 'सो सॉरी' म्हटलं आणि लिहून घेतलं. धर्माचं नाव घेतलं की इथे ऑफिसात कोणी खोलात शिरत नाही. मला ते माहीत होतं.

तर त्या दिवशी हेलन क्लिपबोर्ड घेऊन गाडीपाशी आली.

"हॅबिटेशनच्या कोर्सला आपल्या यार्डातून एकच जागा आहे. जो पास होईल तो सीनियर टेक्निशियन. मी वसंतचं नाव देतेय," ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

अमोल सरकत बाहेर आला. "अप्लाय मी केलं होतं."

"हो, पण त्यांना मागच्या सहा महिन्यांच्या हॅबिटेशन चेकच्या जॉब शीट लागतात. तुझ्या सगळ्या टाक्यांच्या आहेत."

"मला तेच काम मिळतंय."

"वसंतचं दुखवट्याचं वर्ष संपेपर्यंत. तुला माहीत आहे ना?"

अमोलने माझ्याकडे पाहिलं आणि तो मराठीत बोलला. "कुठलं वर्ष, काका?"

मी हातातला पाना पुसायला लागलो.

"मी तेरा दिवस म्हणालो होतो. वर्ष कुठल्या पोथीत आहे? नाव सांगा, मीपण वाचतो. तुमच्याकडे असेलच, एवढी पुस्तकं आहेत."

"अमोल, नंतर बोलू."

"मला वाटायचं, हेलनच मुद्दाम मला टाक्या देते. बायकोला रोज सांगायचो, गोरी बाई भेदभाव करते म्हणून." तो हसला. "माणूस आपलाच निघाला."

"एव्हरीथिंग ऑल राइट?" हेलनने विचारलं.

दुःख होतं हे खरं. पण दुःखामुळे मी टाक्या टाळल्या, असं म्हणता येत नाही. सुनंदाच्या शेवटच्या दोन महिन्यांत तिचं बेडपॅन मीच करत होतो, आणि मला किळस आली नव्हती. अमोल नवीन आला तेव्हा मी त्याला पूर्ण नाव विचारलं होतं. नाव ऐकून मनात कुठेतरी काहीतरी ठरलं. ते मी कधी उच्चारलं नाही, आणि उच्चारलं नाही म्हणून ते नाहीच असं धरून चाललो. जातीवरची पुस्तकं माझ्या शेल्फवर आहेत. मी ती पेन्सिलीने खुणा करत वाचली आहेत.

मी हेलनला सांगितलं की असा नियम नाही. मी तो बनवला.

तिने क्लिपबोर्डवरची पानं उलटली. "मी तो फाइलमध्ये लिहिलाय, वसंत." मग तिने माझं नाव खोडलं. अमोलचं घालायला मात्र ती धजली नाही, त्याच्याकडे शीट नव्हत्या. ती जागा दुसऱ्या यार्डाला गेली. खरं बोलून मी अमोलला काहीही मिळवून दिलं नाही.

गेज ठीक झालं होतं. कॅसेट राहिली होती. मी ती ओढून काढली आणि ओतायला लागलो. आठ महिन्यांत हात विसरला होता. पाणी गचके खात उसळलं आणि माझ्या पँटवर आलं.

"बटन," अमोल नळावर हात धुताधुता म्हणाला. "ओतताना हवेचं बटन दाबून धरायचं." मदतीला मात्र तो आला नाही. येण्याचं कारणही नव्हतं.

त्यानंतर त्याने सहा महिने हॅबिटेशन चेक केले, पुढच्या कोर्सला गेला आणि पास झाला. आता माझ्या प्रत्येक जॉब शीटवर त्याची सही लागते. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. आत्तापर्यंत दोनदा त्याने माझी कॅसेट परत धुवायला लावली. दोन्ही वेळा ती नीट धुतलेली नव्हती.