माती चाखणारी हिरामावशी

हिरामावशी माती खायची नाही, चाखायची. हा फरक मी आधीच सांगून ठेवते. ट्रक आला की ती एक गोणी उसवायची, चिमूटभर पांढरी माती जिभेच्या टोकावर ठेवायची आणि डोळे मिटायची. माती जिभेला घट्ट चिकटली तर म्हणायची, "धरतेय. उतरवा." नाही चिकटली तर थुंकून टाकायची. "ही नुसती धूळ हाय. परत न्या."

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा रंगाचा लहानसा कारखाना, नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पालघरहून यायची. नवीकोरी केमिस्ट, तिथली पहिली बाई, आणि तीही सहा महिन्यांच्या बोलीवर. मावशी दातिवऱ्याची कोळीण. नवऱ्यामागे होडी विकली आणि ती मातीच्या शेडमध्ये कामाला लागली. माझ्या अहवालाआधी तिचा निकाल यायचा, आणि तो चुकला असं मला एकदाही दाखवता आलं नाही. सुरुवातीला मला याचा रागच यायचा.

त्या मातीचं नाव हॅलोसाइट. दिसायला साधी, पण तिचा एकेक कण म्हणजे आतून पोकळ नळी, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारी. पातळ, पांढऱ्याशुभ्र कपबश्यांसाठी ती वापरतात, खनिज तेलाच्या कारखान्यातही ती उपयोगी पडते. आम्हाला त्या नळ्यांत विष भरायचं होतं. होडीच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात विष घालतात, पण ते लवकर धुऊन जातं. नळीत कोंडलं तर थोडंथोडं झिरपत राहील, अशी आमची अटकळ. हे मी मावशीला समजावलं तर ती म्हणाली, "सुकी मासली आमी पावसाळाभर पुरवून खातो, तसंच की!" मग तिनेच घरामागच्या खाडीत माझ्या रंगवलेल्या फळ्या बांधल्या. दर सोमवारी बातमी आणायची, "साध्या रंगाची फळी शिंपल्यांनी भरली गं बाय. तुजी चकाचक हाय." साहेब माझ्यावर खूश झाले, ते त्या फळ्यांमुळे.

एके दिवशी प्रयोगशाळा बघायला बाहेरचे पाहुणे यायचे होते. टेबल रिकामं करायचं म्हणून विष भरून वाळवलेली माती मी एका जुन्या गोणीत ओतली, तोंड बांधलं आणि गोणी शेडच्या दाराशी ठेवली. चिठ्ठी नंतर लावू म्हटलं. पाहुण्यांची सरबराई करता करता संध्याकाळ झाली आणि मी साफ विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मातीचा ट्रक उतरला. मावशीला वाटलं, दारातली गोणी त्यातलीच.

मी पोचले तेव्हा तिला जीपमध्ये घालत होते. तोंड सुजलं होतं, उलट्या थांबत नव्हत्या. जीव वाचला, पण चव कायमची गेली.

आठवड्याने साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. "ही गोणी इथे कुणी ठेवली?" बोलणार, बोलणार, असं म्हणत मी उभी राहिले. तेवढ्यात मावशी कशीबशी म्हणाली, "कोनी नाय सायब. मीच बाईंच्या टेबलावरनं घेतली. खोड हाय ना मना." साहेबांनी त्याच दिवशी तिला घरी बसवलं.

मला झोप लागेना. रविवारी सफाळ्याहून एसटीने दातिवऱ्याला गेले. मावशी अंगणात मासे साफ करत होती. आत सून कालवणाचं मीठ चाखून बघत होती. मी तिथेच रडायला लागले.

"मावशी, ती गोणी माझी होती."

"मना ठाव हाय. दोरीची तशी गाठ तूच मारतेस."

"मग खोटं का बोललात?"

"तुला काडली असती, तर परत कंदी बाईमानूस घेतलं नसतं त्यांनी." मग कोयता खाली ठेवून म्हणाली, "पन तुजी नोकरी पक्की झाली की सायबाला खरं सांग. लोकं मना चोर म्हंतात गं."

नोकरी पक्की झाली. साहेबांनी पत्र स्वतः माझ्या हातात दिलं, बसा म्हणाले, चहा मागवला. मी चहा प्यायले, आभार मानले आणि बाहेर आले. त्यानंतर प्रत्येक गोणीवर लाल अक्षरांत नाव मी स्वतः लिहीत आले, आणि त्यावर स्वतःची समजूत घालत आले. शेडमध्ये मात्र जुने कामगार नव्या पोरींना गोष्ट सांगायचे, एक म्हातारी होती, चोरून माती खायची. सगळ्या हसायच्या. एकदोनदा मीही हसले. दातिवऱ्याला मी पुन्हा गेले नाही.

काही वर्षांनी तिचा मुलगा कारखान्याच्या गेटवर आला. आई गेली म्हणाला. "तेराव्याला या बाई. आय तुमचं नाव काडायची." जाता जाता तो थांबला. हातातली टोपी चुरगाळत त्याने विचारलं, "बाई, एक विचारू? गावात बोलतात... आय खरंच चोरून माती खायची का?"

गेटवरचा वॉचमन ऐकत होता. आतून साहेबांची गाडी येत होती.

मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे. सोडून द्या."

त्याने मान हलवली आणि खाली बघत तो निघून गेला.