माहेरची वाळू

ओहोटीला सासरच्या काठावर उभी राहिले की खाडीपलीकडे माहेरची वाळू दिसायची. तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, तिथेच व्हायच्या. इकडे नुसता चिखल. नवी नवरी असताना मी दीडशहाणीने टोपलीभर तिसऱ्या आणून या चिखलात पेरल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "अगो, अळवाचे कांदे आहेत काय ते, रुजायला?" सगळ्या तोंड वासून मेल्या, आणि वर मीच रडले. वरून पाहणाऱ्याला पाणी एकच दिसतं. तळाशी मात्र ज्याचा त्याचा मुलूख वेगळा.

आता माहेरची वाळूही यंत्राने उपसून नेलीय. आज भाचेसून रिकामी टोपली घेऊन आली.

"आत्या, शेजारच्या खाडीतून येतील ना परत?"

मी हो म्हटलं. त्या खाडीपासून इथवर मधे सगळा कातळ आहे, आणि तिसरीला कातळात घर करता येत नाही.