तिन्ही बाटल्या हलवलेल्या

"हे काय, जांभळाचं सरबत?" मिस्त्रीसाहेब ग्लास खिडकीकडे धरून म्हणाले. मुंबईच्या एका हॉटेलसाठी ते वाइनची खरेदी करायचे. ग्लासात नुसता गाळ तरंगत होता.

सत्तर सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होतो. मळीपासून स्पिरिट करणं हे आमचं काम. द्राक्षाची पोर्ट करून बघायची खाज मात्र माझी. वाइन आंबत असतानाच तिच्यात ब्रँडी ओतली की आंबणं थांबतं, गोडवा उरतो, ती पोर्ट. एकाच हंगामातली पोर्ट चार-सहा वर्षं लाकडी पिंपात मुरवून मग बाटलीत भरली, की ती लेट बॉटल्ड व्हिंटेज. न गाळता भरली तर तळाला गाळ बसतो. त्यात वाईट काही नाही, फक्त बाटली हलवायची नाही. माझी अशी तीन पिंपं मुरली होती आणि प्रत्येकातली एकेक बाटली चाखायला भरून ठेवली होती.

मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं, "आज पसंत पडली नाही, तर तिन्ही पिंपं भट्टीत ओता. स्पिरिट तरी निघेल." म्हणजे माझी चार वर्षं भट्टीत!

मी लॅबमध्ये धावलो. भागुजी आमचे लॅब अटेंडंट, माझ्याहून वयाने मोठे.

"भागुजी, बाटल्या हलवल्यात?"

"व्हय साहेब. तिन्ही. चांगल्या खळाखळा."

"अहो, कुणी सांगितलं?"

"तुमीच की! सॅम्पल हलवल्याबिगर टेबलावर आनायचं न्हाई म्हनून लई वरडला हुता."

खरं होतं. मळीचं सॅम्पल न हलवता तपासलं तर रिपोर्ट चुकतो, म्हणून नियम मीच घातलेला. आता बोलणार कुणाला, कप्पाळ!

फिल्टर पेपर लावला. थेंब, थेंब. बाहेर मिस्त्रीसाहेबांचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. शेवटी भागुजीच म्हणाले, "धोतर आनू का? घरी तूप त्यातनंच गाळतो."

क्वार्टरवरून जुनं, मऊ धोतर आलं. मी आधी हुंगलं. साबणाचा वास पोर्टमध्ये उतरला असता तर संपलंच. नव्हता. चौपदरी करून एकेक बाटली गाळली. पोर्ट गर्द लाल आणि निवळ निघाली.

मिस्त्रीसाहेबांनी रंग पाहिला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि पचकन बादलीत थुंकला. टेस्टिंग करणारे थुंकतातच, नाहीतर दुपारपर्यंत आडवे व्हायचे. पण भागुजी कळवळले, "अवो, चार वर्सांची मेहनत थुकला की!"

मिस्त्रीसाहेब खो खो हसले. तिन्ही चाखून म्हणाले, "पहिली दोन पिंपं घेतो. मनुका आहे, मिरीचा झटका आहे, मस्त. तिसरीत ब्रँडी जास्त झालीय. जाळते."

तिसरं पिंप मीच भट्टीत ओतलं. फार जिवावर आलं. ब्रँडी जास्त झाली हे मला पहिल्याच वर्षी जिभेवर कळलं होतं. दर वर्षी मी 'मुरेल, मुरेल' म्हणत राहिलो. तेव्हापासून सांगतो, आपल्या हातच्या मालाचा रिपोर्ट आपण लिहू नये.