भावोजींचं नाक

भावोजी कुणाच्याही घरात शिरले की आधी गुडघे टेकायचे. मग गालिच्याचा एक कोपरा उलटा करायचे, मागची बाजू नाकाशी धरायचे आणि डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे. "मांजर होतं का हो घरात?" घरची बाई म्हणायची, छे, आमच्याकडे कधीच नव्हतं. हे म्हणायचे, तुमच्या आधी राहत होते त्यांच्याकडे असेल. मग शेजारीण दारातून सांगायची की होतं, चांगलं लठ्ठ होतं. सांडलेलं दूध, लपून ओढलेली सिगारेट, खालून झिरपणारी मोरी, सगळं त्यांना नुसत्या वासावर कळायचं. मी त्यांची सख्खी मेहुणी, त्यामुळे त्यांची टर उडवायचा हक्क माझा. या नाकाचा विमा उतरवा, असं मी त्यांना नेहमी म्हणायचे, आणि ते खूश व्हायचे.

ते राहतात त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा गालिचे-सोफे धुऊन देण्याचा गाळा आहे. नवरा गेल्यावर मी घरात नुसती बसून होते, तेव्हा ताईनं मला उचलून त्या गाळ्यातल्या फोनसमोर बसवलं. राहते मी मागच्या गल्लीत, माझ्या खोलीवर. लोक फोनवर एकच विचारतात, कुठल्या पद्धतीनं धुतलेलं चांगलं? पहिल्या वर्षी मी भावोजींना हाक मारायचे, नंतर मलाच सगळं तोंडपाठ झालं. गरम पाण्याचं मशीन गालिच्यात पाणी जोरात सोडतं आणि लगेच मळासकट ओढून घेतं. त्यानं मुळापासून धुतलं जातं, पण वाळायला वेळ लागतो, आणि थंडीत तर घाईच्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये. फिरत्या ब्रशाचं फेसाचं मशीन झटपट, संध्याकाळी पाहुणे यायचे असतील तर तेच. पण फेसाचा अंश आत राहतो आणि महिन्याभरात त्यावर दुप्पट धूळ बसते. पावडर पसरून, घासून ओढून घ्यायची पद्धत सगळ्यात कोरडी, पण ती वरवरची. भावोजी तिला तोंडाला पावडर लावणं म्हणायचे. पलीकडच्या रस्त्यावर एकानं नुसत्या फेसाच्या मशीनवर धंदा थाटला होता, त्याचं नाव काढलं की भावोजींच्या कपाळावर आठ्या चढायच्या.

आणि चौथी पद्धत सॉल्व्हंटची. मखमल, रेशीम, जुनं रंग सोडणारं कापड, जिथं पाणी चालत नाही तिथं हे रसायन. भावोजी आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही तिथं, ओलं पांढरं फडकं दाबून धरायचे. फडक्याला रंग लागला तर पाण्याचं मशीन गाडीतच राहायचं. सॉल्व्हंट हातानं लावायचं, मऊ ब्रशानं घासायचं, कोरड्या कापडानं टिपायचं. वरचं कापड बघता बघता वाळतं, आणि गोम तिथंच आहे. आतल्या फोमनं प्यायलेलं तसंच राहतं आणि वरून गरमी किंवा वजन मिळालं की हळूहळू वर येतं. गालिच्यावरचा पुसलेला डाग वाळता वाळता पुन्हा उगवतो ना, अगदी तसं. म्हणून भावोजींचा एक नियम होता. निघण्याआधी गादीत तोंड खुपसायचं, खोल श्वास घ्यायचा आणि "गेला" म्हणायचं. वास गेला म्हणजे सॉल्व्हंट गेलं. त्यांनी "गेला" म्हणेपर्यंत त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही.

पहिली तक्रार आली तेव्हा मी ती हसण्यावारी नेली. एक आजोबा म्हणाले, सोफा धुतल्यापासून घरात सगळ्यांची डोकी चढली आहेत. मग एका बाईचा फोन आला, पोराला उलट्या होताहेत आणि खोलीत अजून वास आहे. तिसऱ्या घरी सोफ्याशेजारच्या पिंजऱ्यातला पक्षी दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पडलेला सापडला. मी भावोजींना सांगितलं तर ते माझ्यावर उखडले. पक्षी म्हातारा असेल, म्हणाले, मी वास गेल्याशिवाय घर सोडलंय का कधी? त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे माझ्याकडे नव्हते.

त्याच आठवड्यात मी सकाळी ताईकडे गेले होते. भावोजी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्यापासून दोन हातांवर दूध करपत होतं. साधंसुधं नाही, भांड्याचा तळ काळा होऊन धूर निघायला लागला होता. मला तो वास जिन्यातच आला होता. ताई न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली, गॅस बंद केला आणि भांडं नळाखाली धरलं. भावोजींनी पेपरातून मान वर केली आणि विचारलं, काय झालं? ताई म्हणाली, काही नाही, तुम्ही वाचा. मला चहा न घेताच तिथून निघावंसं वाटलं.

त्यानंतर ताई त्यांच्याबरोबर कामाला जायला लागली. पंचवीस वर्षांत जी एकदाही कामावर गेली नव्हती ती रोज गाडीत पुढच्या सीटवर. या वयात जोडीनं फिरायची हौस आली वाटतं, असं म्हणून मी तिला छळलं. ती नुसती हसली. पण तक्रारी थांबल्या, एकदम थांबल्या. मग एकदा गाळ्यात विसरलेली फडकी पोचवायला मी एका घरी गेले आणि दारातूनच सगळं पाहिलं. काम संपलं होतं. ताई सोफ्यावरच्या उश्या सारख्या करायच्या निमित्तानं वाकली, तिनं वास घेतला आणि भावोजींकडे बघून मान किंचित हलवली, नाही. भावोजींनी खिडकी आणखी उघडली आणि घरच्या लोकांना म्हणाले, अजून तासभर थांबावं लागेल. तासाभरानं ताई पुन्हा वाकली आणि डोळ्यांनी हो म्हणाली. मग भावोजींनी सगळ्यांसमोर गादीत तोंड खुपसलं, लांब श्वास घेतला आणि "गेला" म्हणाले.

मला इतका राग आला की गाळ्यावर परतल्यावर मी ताईला कोपऱ्यात घेतलं.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील. हळूहळू गेलं. आता फोडणीचाही वास येत नाही त्यांना. डॉक्टर म्हणाले, त्या सॉल्व्हंटच्या वाफांनीच."

"मग सांगून टाक ना सगळ्यांना. निदान तुझ्या पोरीला तरी."

"नाक गेलं हे एकदा बाहेर फुटलं की ते उठायचे नाहीत गं अंथरुणातून."

"आणि कुणाला काही झालं म्हणजे?"

"मी आहे ना," ताई म्हणाली.

मी कुणाला सांगितलं नाही खरं, पण ते "मी आहे ना" माझ्या डोक्यातून जाईना. माणूस आजारी पडतं, गावाला जातं, कुठे अडकतं. सॉल्व्हंटच्या कामाचा फोन आला की मी आधी ताईला विचारायचे, आहेस ना? ती नसली तर मी खुशाल थाप मारायचे की रसायन संपलंय.

मग माझी भाची बाळंत झाली. त्यांची एकुलती एक मुलगी ती. जावई बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात, म्हणून बाळाला घेऊन ती थेट आईबापांकडेच यायची होती. मुलगी झाली. ताई हॉस्पिटलातच मुक्कामाला होती. गाळ्यातलं सॉल्व्हंटचं काम मी बंद ठेवलं होतं, पण भावोजींच्या घरातही एक सोफा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मधल्या खोलीतला तो जुना मखमली सोफा उघडला की पलंग होतो. भाची त्याच्यावरच लहानाची मोठी झाली. नातीला पहिल्यांदा त्याच्यावरच निजवायचं, असं भावोजींनी मनाशी ठरवलं आणि आम्हाला कुणाला सांगितलं नाही. ओलं फडकं दाबून पाहिलं तर रंग लागला. त्या गारठ्यात पाणी वाळलंही नसतं. त्यांनी सॉल्व्हंटचा डबा काढला. गिऱ्हाइकाच्या सोफ्याला लावतात त्याच्या दुप्पट लावलं असणार, कारण नात त्यांची होती. मग खिडक्या उघड्या टाकून सकाळभर थांबले. हातानं चाचपून पाहिलं तर मखमल कोरडी लागली.

दुपारी हॉस्पिटलातून सुटी मिळाली. ताई आणि मी बिलं आणि औषधं आटपायला मागे राहिलो, आणि भावोजी लेक-नातीला गाडीतून घेऊन पुढे आले. त्यापुढचं भाचीनं नंतर सांगितलं. खोलीत शिरताच तिला काहीतरी उग्र जाणवलं. "बाबा, कसला वास येतोय का?" तिनं विचारलं. भावोजी वाकले. त्यांनी गादीत तोंड खुपसलं, नेहमीसारखा लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "नाही गं, काही नाही. निज निवांत."

तिला वास येतच होता. पण या घरात दूध नासलंय का, गॅस सुटलाय का, पाऊस येणार का, सगळ्याचा शेवटचा शब्द बाबांच्या नाकाचा. तिच्या लहानपणापासून तसंच होतं. बाळंतपणानंतर आपलंच नाक बिघडलं असेल, असं तिला वाटलं. बाळाला वारा लागू नये म्हणून भावोजींनी खिडक्या लावल्या, हीटर सुरू केला आणि दार ओढून घेतलं. ती बाळाला कुशीत घेऊन झोपली.

आम्ही वर पोचलो तर भावोजी घराबाहेर, दाराशी खुर्ची टाकून बसलेले. कुणी बेल वाजवून पोरींना उठवू नये म्हणून राखण करत होते. आम्हाला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर इतका आनंद होता की तो मला अजून डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. आणि त्यांच्या मागच्या अर्धवट उघड्या दारातून तो वास बाहेर जिन्यापर्यंत येत होता.

ताईच्या हातातल्या पिशव्या पडल्या. ती त्यांना ढकलून आत गेली. मधल्या खोलीचं दार उघडलं तर गोडसर, जड वाफेनं माझे डोळे चुरचुरले. भाचीला हाका मारल्या तरी ती हलेना. मी बाळाला उचललं. ते अंगानं गरम होतं, गुलाबी होतं आणि ओल्या फडक्यासारखं लुळं होतं, मान माझ्या मनगटावरून खाली लोंबली. ताई एकेक खिडकी उघडत होती आणि एकेका खिडकीपाशी माझं नाव घेत होती. मी बाळाला गॅलरीत नेलं, तळपायांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली. कितीतरी वेळानं त्यानं तोंड उघडलं. आवाज आला तो रडण्याचा नव्हता, दार करकरावं तसा होता. मग ते रडलं. आत भाची उठून ओकत होती.

भावोजी सोफ्यापाशी गुडघ्यांवर बसले होते. ते गादीत तोंड खुपसून श्वास घेत होते, पुन्हा खुपसत होते, पुन्हा घेत होते. मला बघून म्हणाले, "येतोय का गं वास?"

मी हो म्हटलं. त्यांना समजुतीचं एक अक्षरही सांगावंसं मला त्या क्षणी वाटलं नाही.

हॉस्पिटलात दोघींना ठेवून घेतलं आणि मग सोडलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी सगळं ठीक दिसतंय. बाकी मुलगी मोठी होईल तसं कळेल. हे "तसं कळेल" आता आमच्या घरात राहायला आलं आहे. खुळखुळा वाजवला की मुलगी वळते की नाही, बोट धरते की नाही, सगळे चोरून बघतात. वळली की जो तो आपापल्या कामाला लागतो. उशिरा वळली की खुळखुळा पुन्हा वाजतो.

सॉल्व्हंटचे डबे भावोजींनी त्या फेसाच्या मशीनवाल्याला फुकट देऊन टाकले. गालिचे अजून धुतात, फक्त पाण्यानं, पण गुडघे टेकून वास घेत नाहीत. मखमली सोफा ताईनं भंगारात काढला. भाचीनं वडिलांना एका शब्दानंही दोष दिला नाही. हॉस्पिटलातून ती आपल्या घरी राहायला गेली, पण दर रविवारी येते, हसते, जेवते, बाबांच्या मांडीवर मुलीला देते.

मात्र मुलीला निजवायची वेळ झाली की ती आधी वाकते. गादी असो, सतरंजी असो, कुणाची धुतलेली चादर असो, त्यात तोंड खुपसते, डोळे मिटते आणि एक लांब श्वास घेते. अगदी वडिलांसारखा. भावोजी समोरच्या खुर्चीत बसलेले असतात. ती मान वर करून मुलीला खाली ठेवेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहतात, आणि मग उठून गॅलरीत जातात.